जुन्या एमजीबीचे ब्रेक घरी दुरुस्त करताना

एमजीबी ही इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली दोन दारांची स्पोर्ट्‌स कार. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. बांधणी सरळसोट असल्याने घरी हात घालायला ही गाडी सोयीची आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी हौसेने पहिली जुनी गाडी घ्यायची ठरवली, तर बऱ्याचदा समोर येते ती हीच.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. म्हणजे तुमचे ब्रेक कोणी तपासेलच याची खात्री नाही. त्यात सुरुवातीच्या एमजीबींमध्ये ब्रेकच्या ऑइलचं सर्किट एकच: एक होज, म्हणजे रबरी नळी, फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, आणि हातात उरला फक्त हँडब्रेक.

नवशिक्यांचा नेहमीचा गैरसमज असा की ब्रेक झिजून खराब होतात. रोज धावणाऱ्या गाडीचे होतात. वर्षाकाठी हजारभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ब्रेक उभ्या उभ्या खराब होतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, त्या पाण्याने पिस्टन आणि सिलिंडर आतून गंजतात, रबर म्हातारं होतं. पॅड मात्र नव्यासारखे जाड असतात, आणि ते पाहून मालक निर्धास्त राहतो. म्हणून अशा गाडीत पॅडच्या आधी रबर, ऑइल आणि पिस्टन यांच्याकडे बघायचं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एखादी अशी गाडी असेल, तर तिथे हे दुप्पट लागू.

गाडीत काय काय आहे

पुढे १०.७५ इंच व्यासाच्या डिस्क आणि लॉकहीडचे दोन पिस्टनचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे. मागे १० इंची ड्रम, प्रत्येक चाकात ड्रमला आतून घासणारे दोन शू आणि त्यांना बाहेर ढकलणारा एक व्हील सिलिंडर. बॉनेटखाली मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा मुख्य सिलिंडर. तिथून सगळीकडे ३/१६ इंची धातूचे पाइप, आणि जिथे हालचाल होते तिथे रबरी होज. हे होज फक्त तीन: पुढच्या दोन चाकांना एकेक, आणि बॉडीवरून मागच्या अ‍ॅक्सलवर येणारा एक. काही गाड्यांत पेडलचा जोर वाढवणारा सर्वो असतो. नंतरच्या गाड्यांत दोन सर्किटं आहेत. व्ही-८ इंजिनाच्या एमजीबीचे डिस्क आणि कॅलिपर वेगळे असल्याने भाग मागवताना गाडीचा चॅसी नंबर देऊनच मागवा.

हत्यारं आणि सामान

या गाडीवर मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. नट-बोल्ट यूएनएफ आट्यांचे आहेत, त्यामुळे इंचाचे पाने लागतात: ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ हे मुख्य. ११ मिमीचा पाना ७/१६ वर जवळजवळ बसतो. हे ‘जवळजवळ’ साध्या बोल्टला चालून जाईल, पण पाइपच्या पितळी किंवा जुन्या नरम नटाचे कोपरे त्याने गोल होतात. ब्रेक पाइपच्या नटांसाठी ७/१६ चा फ्लेअर नट पाना, म्हणजे रिंग पान्यासारखा पण पाइप आत सरकवायला एका बाजूने कापलेला, वेगळा विकत घ्या. या कामातली सगळ्यात उपयोगी खरेदी तीच. मागच्या ब्रेकच्या ॲडजस्टरला चौकोनी डोकं असतं, त्यासाठीही खास पाना मिळतो.

याशिवाय टॉर्क पाना, दोन जॅक स्टँड, मोठा जी-क्लॅम्प, हवेचा कॉम्प्रेसर किंवा निदान ताकदवान हातपंप, ब्रेकमधली हवा काढायच्या निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, काचेची बरणी.

सामानात एक लिटर डॉट ४ ब्रेक ऑइल, तेही सीलबंद. उघडून कपाटात ठेवलेली बाटली वापरू नका. तीन नवे होज, होजसाठी तांब्याचे वॉशर, दोन्ही कॅलिपरचे रबर किट, दोन व्हील सिलिंडर, पुढचे पॅड आणि मागचे शू यांचा एकेक संच, नव्या स्प्लिट पिना, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, तांबडं रबर ग्रीस. मास्टर सिलिंडर गळत असेल तर अख्खा नवा घ्या. आत खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवं किट टाकलं, तर ते काही महिन्यांत पुन्हा गळतं.

रेसिंगचे पॅड घेऊ नका. ते गरम झाल्यावर धरतात, रस्त्यावरच्या थंड ब्रेकला साध्या पॅडपेक्षा कमी धरतात.

ऑइल कुठलं

डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश सेल्सिअस, आणि पाणी शोषल्यावर किमान १५५. हा फरकच दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचं कारण. घाट उतरताना ब्रेक तापतात, ओलं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट खाली जातं.

जांभळ्या रंगाचं डॉट ५ हे सिलिकोनचं असतं. ते पाणी शोषत नाही, रंग खराब करत नाही. पण आत आलेलं पाणी मग वेगळं राहून खोलगट जागी साचतं आणि तिथेच गंज धरतं. त्यात बारीक हवा अडकून राहते, पेडल थोडं मऊ लागतं. डॉट ४ मध्ये ते मिसळता येत नाही, त्यामुळे बदल करायचा तर सगळं रबर बदलावं लागतं. पहिल्यांदा काम करणाऱ्याने डॉट ४ वरच राहावं. नाव सारखं वाटलं तरी डॉट ५.१ हे डॉट ५ पेक्षा वेगळं आहे, ते डॉट ४ च्या जातीचं.

इंजिन ऑइल, हायड्रॉलिक जॅकचं तेल किंवा कुठलंही खनिज तेल या यंत्रणेत एक थेंबही जाता कामा नये. त्याने रबर फुगतं आणि सगळी सीलं फेकावी लागतात. भाग धुवायला पेट्रोल किंवा रॉकेलही नको. ब्रेक क्लीनर, मेथिलेटेड स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल, एवढंच.

गाडी उचलणं आणि धूळ

सपाट, कडक जमीन हवी. जी दोन चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढचं काम करताना हँडब्रेक लावलेला, मागचं करताना सोडलेला. मागे ड्रम काढायचा तर हँडब्रेक सुटा हवाच, म्हणून तेव्हा पुढच्या चाकांचे ठोकळे हाच आधार. गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नका, विटांवर तर कधीच नाही. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून पाहा. हलली तर आत्ताच पुन्हा बसवा.

तारांची चाकं असतील तर मधल्या नटाचे आटे दोन्ही बाजूंना उलटसुलट असतात. नटावर कोरलेला बाण पाहून मगच हातोडा मारा.

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये ब्रेकच्या भागांत त्याच्यावर बंदी आली ती १९९९ मध्ये, आणि तुमच्या गाडीतले शू त्याआधीचे नाहीत हे सांगता येत नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने उडवू नका, सुक्या ब्रशने झाडू नका. बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क लावा, साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा, आणि कापड पिशवीत बंद करा.

पुढचे ब्रेक: पॅड आणि कॅलिपर

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जोडलेली राहिली की ती नमुना म्हणून उपयोगी पडते.

पॅड दोन स्प्लिट पिनांनी धरलेले असतात. वरची स्प्रिंगची पट्टी दाबून धरा, पिना सरळ करून ओढा, पट्टी काढा, मग पॅड आणि त्यामागच्या पातळ पट्ट्या बाहेर येतात. पॅड निघत नसेल तर पक्कडीने कानाला धरून वरखाली हलवा. लायनिंग ३ मिमीपेक्षा कमी उरलं असेल तर बदला. दोन्ही पॅडची झीज सारखी नसेल, एक पातळ नि एक जाड असेल, तर त्या बाजूचा एक पिस्टन अडकला आहे.

आता पिस्टन मागे ढकलून पाहा. जी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. तो एकसारखा, किंचित अडथळ्याने आत गेला पाहिजे. ढकलताना निपल अर्धा फेरा उघडून त्यावर नळी लावा. निपल बंद ठेवून ढकललं तर आतलं जुनं घाण ऑइल उलटं मास्टर सिलिंडरकडे जातं, टाकी भरून वाहते, आणि बॉनेटखालचा रंग निघतो. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पिस्टन अडकत असेल, किंवा रबरी टोपीखाली गंज अथवा ओल दिसत असेल, तर कॅलिपर उतरवावा लागेल. उतरवण्याआधी, तो अजून जोडलेला असतानाच, पिस्टन बाहेर आणून ठेवा, कारण पेडलच्या दाबाइतकी ताकद हवेच्या पंपात नसते. पॅडच्या जागी लाकडाची पातळ पट्टी ठेवा आणि मदतनीसाला पेडल हळूहळू दाबायला सांगा. दोन्ही पिस्टन पट्टीपर्यंत आले की थांबा. एकच हलत असेल तर त्याला क्लॅम्पने अडवा, मग दुसरा हलतो.

मग होज सोडवून, लॉकच्या पट्टीचे कान मागे वाकवून, दोन बोल्ट काढून कॅलिपर बाकावर घ्या. उरलेला पिस्टन हवेने काढताना मध्ये लाकूड ठेवा आणि बोटं पूर्ण बाहेर. तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. कॅलिपरचे दोन अर्धे भाग जोडणारे बोल्ट खोलू नका. पिस्टन आणि सीलं काढायला त्याची गरज नसते, आणि मधल्या छोट्या सीलची जागा चुकली की पुन्हा गळती.

मूळ पिस्टन पोलादावर क्रोम चढवलेले असतात. क्रोमला टाचणीच्या टोकाएवढाही खड्डा असेल तर पिस्टन बदला. पॉलिश पेपरने घासून तो सुधारत नाही, उलट आहे तेवढा क्रोमही जातो. स्टेनलेस स्टीलचे पिस्टन मिळतात. वापर कमी असलेल्या गाडीला आमची पसंती त्यांनाच. सिलिंडरच्या आतली सीलची खाच लाकडी काडीने खरवडून पूर्ण स्वच्छ करा, स्क्रू-ड्रायव्हरने नको. खाचेत गंज उरला तर सील जास्त दाबलं जातं आणि पिस्टन परत मागे सरकत नाही. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचं सील दाबाने किंचित वाकतं, दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. म्हणून खाच इतकी महत्त्वाची.

सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनी बसवा, पिस्टनला रबर ग्रीसचा पातळ हात द्या, आणि पिस्टन अंगठ्यांनी सरळ आत दाबा. तिरका गेला तर थांबा, बाहेर काढा. हातोडा नाही.

कॅलिपर परत चढवताना निपल वरच्या बाजूला आहे ना, हे पाहा. डावा-उजवा कॅलिपर बदलला गेला की निपल खाली येतो, हवा वर अडकते, आणि माणूस दोन दिवस हवा काढत बसतो. बोल्ट ४० ते ४५ पौंड-फूट, म्हणजे ५४ ते ६१ न्यूटन-मीटर. लॉकची पट्टी नवी, आणि कान नीट दुमडलेले. पॅडच्या पाठीवर तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ थर चालतो, लायनिंगच्या बाजूला बोटाचा तेलकट ठसाही नको. स्प्लिट पिना प्रत्येक वेळी नव्या.

नव्या डिस्कची जाडी ०.३४ ते ०.३५ इंच असते, म्हणजे जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर. कडेला जाड कंगोरा उमटला असेल, खोल चरे असतील किंवा गंजाने पृष्ठभाग खवलेदार झाला असेल तर डिस्क बदला, नेहमी जोडीने. डिस्क हबच्या मागे बोल्टने जोडलेली असल्याने हब काढावा लागतो, आणि इथे या गाडीची एक खासियत आहे. दोन बेअरिंगांच्या मध्ये नळीसारखा स्पेसर आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. हबचा नट आधुनिक गाडीसारखा ‘घट्ट करून थोडा सैल’ करायचा नाही. तो ४० ते ७० पौंड-फुटांना पूर्ण आवळायचा, स्प्लिट पिनचं भोक जुळेल तिथे थांबायचं, आणि तरीही हबला ०.०५ ते ०.१० मिमी प्ले, म्हणजे आतबाहेर मोकळी हालचाल, राहिला पाहिजे. तो प्ले शिम कमी-जास्त करून मिळवतात. शिम हरवले म्हणून स्पेसरशिवाय जोडलेल्या गाड्या बाजारात सापडतात. तशात स्टब अ‍ॅक्सलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर, जास्त ताण येतो, तो मोडू शकतो. शिम काढताक्षणी डबीत ठेवा. हा प्ले मोजायचा डायल गेज हाताशी नसेल तर डिस्कचं काम जाणकाराकडून करून घ्या.

होज

बाहेरून चकचकीत दिसणारा वीस वर्षांचा होज आतून सुजलेला असतो. पेडलचा जोर ऑइलला पुढे ढकलतो, पण परत येताना सुजलेलं रबर वाट अडवतं. मग ब्रेक सोडला तरी ते चाक धरूनच राहतं. गाडी एका बाजूला ओढते, चाकाला जळका वास येतो, आणि माणूस बिचाऱ्या कॅलिपरला दोष देतो. ओळख सोपी आहे. चाक धरलेलं असताना निपल किंचित उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर अडथळा निपलच्या वर, बहुतेक होजमध्येच. निपल उघडूनही चाक धरूनच राहिलं, तर पिस्टन.

काढण्याचा क्रम चुकवू नका. आधी धातूच्या पाइपचा नट सोडा, होजचं षटकोनी डोकं दुसऱ्या पान्याने धरून. मग पट्टीवरचा लॉकनट. शेवटी होज कॅलिपरमधून फिरवून काढा. उलट क्रमाने गेलात तर धातूचा पाइप पिळला जातो. बसवताना आधी कॅलिपरचं टोक, नव्या तांब्याच्या वॉशरसह, मग पट्टीवर लॉकनट आवळताना होजला पीळ पडू देऊ नका. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून होज कुठे ताणतो किंवा टायरला लागतो का ते बघा.

पाइप गंजलेले असतील तर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे ३/१६ इंची पाइप लावा, ते गंजत नाहीत. टोकाचा फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड, कुठल्या प्रकारचा हे जुना पाइप समोर ठेवून ठरवा, आणि तसाच काढा. पाइपवर नट आधी चढवायचा, फ्लेअर नंतर काढायचा. हे लिहावं लागतं, कारण पहिला फ्लेअर काढल्यावर नट टेबलावरच राहिलेला दिसतो.

मागचे ड्रम

ॲडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण सैल करा. साध्या चाकांच्या गाडीत ड्रम दोन स्क्रूंनी धरलेला असतो, तारांच्या चाकांच्या गाडीत नटांनी. ड्रम चिकटला असेल तर मध्यभागी गंजनाशक तेल सोडून, रबरी किंवा चामडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोका. कडेला पहार घालून ओढू नका, मागची प्लेट वाकते.

आत बघितल्यावर फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, लायनिंगचं कुठलं टोक कुठे, हे दोन तासांनी आठवत नाही.

लायनिंग तेलकट असेल तर आधी तेल कुठून आलं ते शोधा. उग्र, गंधकासारखा वास असेल तर ते अ‍ॅक्सलचं तेल, म्हणजे हबचं ऑइल सील गेलंय. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलल्यावर आत ओल दिसली तर ब्रेक ऑइल. दोन्हींत कारण दुरुस्त करून शू बदलायचे. भिजलेलं लायनिंग धुवून किंवा भाजून वापरू नका. तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं. शू दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

व्हील सिलिंडर मागच्या प्लेटला एका चिमट्यासारख्या क्लिपने धरलेला असतो, आणि ही क्लिप बसवणं हे एमजीबीवरचं बदनाम काम. काढायला दोन स्क्रू-ड्रायव्हर पुरतात. बसवताना सिलिंडर आतल्या बाजूने लाकडी पाचरीने प्लेटला दाबून ठेवा, क्लिप एका टोकाने खाचेत अडकवा, आणि मापाचा मोठा सॉकेट तिच्यावर धरून क्लॅम्पने सरळ दाबा. तिन्ही टोकं खाचेत बसल्याचं डोळ्यांनी पाहा. नवी क्लिप घ्या, जुनी ताणलेली असते.

ॲडजस्टर खोलून, साफ करून, ब्रेकसाठीचं उष्णता सहन करणारं ग्रीस लावून फिरता करा. प्लेटवर शूच्या कडा जिथे घासतात त्या उंचवट्यांनाही टिंबभर ग्रीस. शू बसवले, ड्रम चढवला की ॲडजस्टर घड्याळाच्या दिशेने चाक जाम होईपर्यंत फिरवा, पेडल दोनदा दाबा म्हणजे शू मधोमध बसतील, पुन्हा फिरवा, आणि मग एकेक खाच मागे घ्या, चाक मोकळं फिरेपर्यंत. किंचित घासण्याचा आवाज चालतो. हे झाल्यावरच हँडब्रेकची केबल बघायची. पेडल लांब जातं म्हणून आधी केबलच ताणणं ही उलटी वाट आहे. त्याने शू पूर्ण मागे येत नाहीत आणि ड्रम तापतो.

मास्टर सिलिंडर

पेडलला सुरुवातीला सुमारे ३ मिमी मोकळा प्ले हवा. तो नसेल तर सिलिंडरमधलं ऑइल टाकीत परत जाण्याचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. ब्रेक तापले की ऑइल प्रसरण पावतं, जायला जागा नसते, आणि गाडी चालता चालता आपोआप ब्रेक धरते.

पावलाजवळचा गालिचा उचलून पेडलच्या वर बोट फिरवा. ओल लागली तर मागचं सील गेलं. बाहेर कुठेच गळती नाही तरी ऑइल कमी होतंय, आणि सर्वो असलेल्या गाडीच्या एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय, तर सर्वोतून ऑइल इंजिनात ओढलं जातंय.

हवा काढणं

ही पायरी शांतपणे, मदतनीस घेऊन करायची. मागचे शू आधी घट्ट ॲडजस्ट केलेले असावेत. सैल शूंमुळे पेडल लांब जातं, आणि ती हवाच आहे असा भ्रम होतो.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल तळाला टेकणार नाही. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या अर्ध्याच भागात फिरतो. पुढच्या न वापरलेल्या भागात गंज साठतो. पेडल तळापर्यंत दाबलं की जुनं सील त्या गंजावरून घासत जातं आणि फाटतं. काल बरा असलेला मास्टर सिलिंडर हवा काढल्यावर ‘अचानक’ गळायला लागतो, त्याचं कारण हे.

१. टाकी भरा. प्रत्येक सात-आठ दाबांनंतर पुन्हा भरा. टाकी रिकामी झाली की आत हवा जाते, सगळं पहिल्यापासून.

२. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या एकाच सर्किटच्या गाडीत: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. दोन सर्किटांच्या गाडीला तिच्या मॅन्युअलमधला क्रम पाळा.

३. नळीचं दुसरं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. निपल अर्धा फेरा उघडा, मदतनीसाने पेडल हळू दाबून धरावं, निपल बंद, मग पेडल सोडावं. ‘दाब’, ‘बंद’, ‘सोड’ असे शब्द मोठ्याने बोला. निपल बंद व्हायच्या आधी पेडल सुटलं तर आट्यांमधून हवा ओढली जाते.

४. बुडबुडे थांबून स्वच्छ, फिक्या रंगाचं ऑइल येईपर्यंत. बरणीतलं ऑइल पुन्हा टाकीत घालू नका.

निपल ४ ते ६ पौंड-फूट एवढाच आवळायचा, म्हणजे छोट्या पान्याला मनगटाचा जोर. निपल फिरतच नसेल तर जोर लावू नका, तो आतून पोकळ असतो, मोडतो. भोकात बसेल अशी ड्रिल बिटची मागची दांडी आत घाला, सहा कोनांचा सॉकेट लावा, डोक्यावर हलके ठोके द्या, गंजनाशक तेल सोडून एक रात्र जाऊ द्या. कॅलिपर तसाही उतरवणार असाल तर निपल बाकावरच बदला.

रस्त्यावर नेण्याआधी

पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकलं आणि कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील दाब सोडतंय. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पेडल वर येतं आणि स्पंजासारखं लागतं, तर हवा. लांब जातं पण तिथे टणक लागतं, तर मागचे शू सैल. दाब धरलेला असतानाच दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन प्रत्येक जोड, प्रत्येक होज, चारही चाकांच्या आतल्या बाजू पाहाव्यात. जुन्या गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे मागचे दिवे लागतात का तेही बघा.

साध्या चाकांचे नट ६० ते ६५ पौंड-फूट.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट, खाजगी जागेत, चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून. नंतर शांत रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत वीसेक वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा, मध्ये अर्धा मिनिट गार होऊ द्या. पॅड डिस्कवर बसायला एवढं लागतं. या काळात गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून ठेवू नका, गरम पॅडचा डाग डिस्कवर उमटतो आणि पुढे थरथर येते. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, पण डिस्कला लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर ते धरतंय.

ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर मागचे शू पुन्हा ॲडजस्ट करा. नवं लायनिंग बसताना थोडं झिजतं. सगळे जोड पुन्हा कोरड्या कापडाने पुसून बघा.

ऑइल आणि होज बदलल्याची तारीख धातूच्या पट्टीवर कोरून बॉनेटखाली बांधा: ऑइल दोन वर्षांनी, होज दहा वर्षांनी, गाडी किती चालली याचा विचार न करता. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून ठोकळे लावा, नाहीतर शू ड्रमला चिकटतात. महिन्यातून एकदा तरी पेडल दहा-बारा वेळा दाबून पिस्टन हलते ठेवा.